एका मोबाइल नंबरचं कुटुंब

आमच्या हॉस्पिटलच्या संगणकात एका सोमवारी एक विलक्षण कुटुंब सापडलं. कुटुंबप्रमुख एक ज्येष्ठ गृहस्थ. त्यांच्या खाली वीस-बावीस माणसं, जवळजवळ सगळी सत्तरीच्या पुढची. घरात लहान मूल एकही नाही. आणि संगणकाच्या मते त्यांतल्या नऊ जणी त्या गृहस्थांच्या पत्नी.

“बाकीचे भाऊ दाखवतोय, मॅडम,” माझा सहकारी म्हणाला. तो मूळचा अमरावतीचा. बातमी कसलीही असो, तो ती एसटीचं वेळापत्रक वाचावं तशी सांगतो. “काही वहिन्या आहेत. सगळे एकाच पत्त्यावर राहतात. भांडणाची नोंद नाही.”

मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये माहिती-तंत्रज्ञान विभागाची प्रमुख आहे. पाटीवर हे फार मोठं दिसतं. प्रत्यक्षात माझं काम म्हणजे जे कागदावर आहे ते फोनवर आणायचं, आणि ते आणल्याबद्दल डॉक्टर, नर्स, हिशेबनीस आणि पेशंट यांची बोलणी क्रमाने खायची. हा क्रम मी लिहून ठेवते. कोणाचं बोलणं खाऊन झालं, कोणाचं बाकी आहे, हे कळलेलं बरं असतं.

कुटुंबाचं कोडं अवघड नव्हतं. नवीन सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एक नियम घातला होता: मोबाइल नंबर एक आणि पत्ता एक, म्हणजे कुटुंब एक. पुढे वयाचा अंदाज घेऊन नाती जोडायची. नियम शहाणपणाचा होता. फक्त तो लिहिणाऱ्यांना कर्वेनगरातल्या जुन्या सोसायट्या माहीत नव्हत्या, जिथे पत्ता सांगताना घर क्रमांक कोणी सांगत नाही.

मी पत्ता वाचला आणि खुर्ची जरा पुढे ओढली. मग पत्नींची यादी वाचली. चौथ्या क्रमांकाच्या पत्नी माझ्या सासूबाई होत्या.

मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, “तुझ्या आईचं परत लग्न झालंय.”

तो मीटिंगमध्ये होता. “बरं,” म्हणाला, “संध्याकाळी बोलू.”

आम्ही विश्रांतवाडीला राहतो, सासूबाई कर्वेनगरमध्ये, त्यांच्या जुन्या तीन मजली सोसायटीत, एकट्या. “तुमच्याकडे चार दिवस बरं वाटतं,” एवढंच त्या म्हणतात, आणि पाचव्या दिवशी पिशवी भरलेली असते. त्यांच्या सगळ्या तपासण्या आमच्याच हॉस्पिटलमध्ये होतात, आणि रिपोर्ट त्या स्वतः खिडकीवरून नेतात अशी माझी समजूत होती. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आमचे संबंध उत्तम आहेत.

या खिडकीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळेच घडलं. रक्त सकाळी द्यायचं आणि रिपोर्ट संध्याकाळी रिपोर्टच्या खिडकीवरून न्यायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. नोंदवलेल्या मोबाइलवरही एक प्रत जाते, पण तिच्यावर सहसा कोणी विसंबत नाही. त्या एका कागदासाठी लोक दोन-दोन बस बदलून परत येतात. रांगेत उभं राहून चक्कर आलेला पेशंट मी स्वतः पाहिलाय, आणि त्याच्या हातात आला तो रिपोर्ट रक्त कमी असल्याचा होता. ती खिडकी बंद करून प्रत्येकाचा रिपोर्ट त्याच्या स्वतःच्या फोनवर पोचवायचा, ही माझी योजना. दोन वर्षं मी तिच्यामागे होते. डॉक्टरांची बोलणी खाऊन झाली होती. विश्वस्तांची बाकी होती.

आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांची मार्केट यार्डात धान्याची पेढी आहे. ते कागदपत्रं वाचत नाहीत, माणसं वाचतात. त्या आठवड्यातल्या विश्वस्तांच्या बैठकीत मी पडद्यावर एकामागून एक तक्ते दाखवत होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “आमच्याकडे गाडीभर माल आला तर आम्ही अख्खी गाडी चाळत नाही. एका पोत्यात सळई खुपसतो, मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली घेतो. तुम्ही मला एक पोतं उघडून दाखवा.”

माझ्या सहकाऱ्याने नेमक्या त्याच वेळी चुकून पुढचं पान उघडलं. पडद्यावर ते कुटुंब आलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला, नऊ पत्नी मोजल्या आणि म्हणाले, “हेच पोतं.”

“साहेब, हे सगळे म्हातारे आहेत.”

“म्हणूनच. यांना जमलं तर सगळ्यांना जमेल. दिवाळीआधीच्या बैठकीपर्यंत यांच्यातल्या प्रत्येकाने आपला रिपोर्ट आपल्या फोनवर आपल्या हाताने उघडलेला पाहिजे. उघडला, तर खिडकी बंद. एक जरी राहिला, तर माल परत. खिडकी राहील आणि तुमची योजना कपाटात जाईल.”

परत आलेल्या मालाचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं. माझ्या आधीच्या प्रमुखांची योजना त्याच कपाटात आहे.

त्या शनिवारी मी कर्वेनगरला गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

“आई, तुमच्या रिपोर्टवर कोणाचा मोबाइल नंबर दिलाय?”

“सरांचा. सगळ्यांनीच सरांचा दिलाय.”

सर म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगा कॅनडात. कोणे एके काळी बिल्डिंगमधल्या एका आजींना हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं, नोंदणीच्या खिडकीवर मोबाइल नंबर विचारला, आणि आजींकडे तेव्हा मोबाइल नव्हता, म्हणून सरांनी स्वतःचा सांगितला. मग दुसऱ्या आजोबांसाठी सांगितला. पुढेपुढे लोक सर बरोबर नसतानाही सरांचाच नंबर सांगायला लागले. तो पाठ करायला सोपा आहे, असं सासूबाईंचं म्हणणं.

अशा रीतीने सगळ्या बिल्डिंगचे रिपोर्ट सरांच्या फोनवर यायचे. सर ते छापून काढत. उत्तरपत्रिका तपासावी तसे तपासत. लाल शाईने शेरा लिहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्या त्याच्या दारात वर्तमानपत्राच्या घडीत ठेवत. सासूबाईंनी मला मागचा रिपोर्ट दाखवला. खाली लिहिलं होतं: “साखर वाढली. सणाचे निमित्त दर वेळी चालणार नाही.”

“हे सगळ्यांचेच वाचतात?”

“वाचल्याशिवाय शेरा कसा लिहितील?”

“आणि मग ते खाली बाकावर सगळ्यांना कळतं.”

“कळतं की. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं थायरॉइड ताळ्यावर आलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते बाकावर.”

मी गोपनीयतेवर बोलायला सुरुवात केली. हा विषय मी बऱ्यापैकी बोलते. आपली तपासणी ही आपली खासगी माहिती असते, ती कोणाला दाखवायची ते आपण ठरवायचं असतं, वगैरे. सासूबाईंनी खडा काढून बाजूला ठेवला.

“माझी साखर बाकावरच्यांना कळते, त्यांची मला कळते. यात माझं काय गेलं?”

याला उत्तर आहे, पण ते तांदूळ निवडणाऱ्या माणसाला देता येत नाही.

मी खाली सरांकडे गेले. खिडकीशी टेबल, टेबलावर प्रिंटर, प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून टॉवेल. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मी बसल्यावर विचारलं, “किती वेळ बसणार आहात?”

मी खिडकीचं, योजनेचं, पोत्याचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुख्याध्यापकांना ती सवय असते. बोलणारा आपोआप चुकतो, हे त्यांना माहीत असतं.

“म्हणजे माझ्या फोनवर रिपोर्ट येणं आपल्याला बंद करायचंय.”

“प्रत्येकाचा प्रत्येकाच्या फोनवर यावा, सर. खासगी माहिती आहे.”

“खासगी,” सर म्हणाले. “या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजून लोक कडधान्य ओळखतात. आपण कोणापासून काय लपवणार आहात?”

“लपवायचं नाही. पण विचारायला हवं.”

“माझ्याकडून आजवर एखादा रिपोर्ट चुकीच्या दारात गेला?”

“नाही.”

“उशिरा गेला?”

“नाही, सर.”

“मग आपण दुरुस्ती कशाची करताय?”

एवढं विचारून ते उठून पाणी घेऊन आले. पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये या. पाच वाजता. चारला येऊ नका, लोक झोपलेले असतात. आणि पडद्यावर इंग्रजी दाखवू नका.”

त्यांना हे नको होतं, ते दिसत होतं. पण अडवायचं असेल तर समोर उभं राहून अडवायचं, मागून नाही, अशा पिढीतले ते होते.

रविवारी मी आणि माझा सहकारी गेलो तेव्हा हॉलमध्ये सतरंज्या, खुर्च्या आणि सगळं कुटुंब हजर होतं. फोन आता सगळ्यांकडे होते. मुलांनी परदेशातून पाठवलेले, आमच्या फोनांपेक्षा महागडे. एका आजींनी त्यांचा खोक्यासकट आणला होता. पडला तर, म्हणून त्या तो कपाटात ठेवतात आणि मुलाच्या फोनच्या वेळी बाहेर काढतात.

“आजी, तुमचा नंबर सांगा,” माझा सहकारी म्हणाला.

“मला कशाला पाठ असेल? मी मला कुठे फोन करते?”

नंबर शोधण्यात पाऊण तास गेला. मग ओटीपी आला, आणि सगळं ठप्प झालं. प्रत्येकाच्या फोनवर आकडे आले होते, प्रत्येक जण ते बघत होता, आणि सांगत कोणीच नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी उभं राहून जाहीर केलं, “ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. हॉस्पिटलमधून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.”

“काका, मी समोर उभा आहे,” माझा सहकारी म्हणाला.

“ते सगळे असंच म्हणतात.”

“ते समोर उभे राहून म्हणतात?”

“सुरुवात कुठूनतरी होतेच.”

मला खरं तर बरं वाटलं. इतकी सावध माणसं आमच्या डॉक्टरांमध्ये असती तर माझी अर्धी कामं कमी झाली असती. मी म्हटलं, कोणी कोणाला सांगू नका, ज्याने त्याने आपापला लिहा. मग सगळ्यांनी डाव्या हाताचा आडोसा करून, शेजाऱ्याकडे संशयाने बघत, आपापले आकडे लिहिले आणि पुढच्या वेळेसाठी स्वतःचे चार आकडे ठरवले. वर्गात परीक्षा चालली असावी तशी शांतता होती. सर खुर्च्यांच्या मधून फिरत होते. कोणी अडलं तर थांबत, पण सांगत काही नव्हते.

एकेकाचा रिपोर्ट उघडत गेला. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर नावापुढचा ठिपका हिरवा होत होता. स्वतःचा रिपोर्ट पहिल्यांदाच शेऱ्याशिवाय बघितल्यावर काही जण गोंधळले. “यात चांगलं का वाईट ते लिहिलेलंच नाही,” बँकेतले काका म्हणाले.

शेवटचं पान होतं ते मी मुद्दाम घालून घेतलं होतं. आपल्याशिवाय आणखी एका व्यक्तीला रिपोर्ट दिसावा असं वाटत असेल, तर तिचं नाव द्यायचं. ज्याला नको त्याने ‘कोणीही नको’ निवडायचं. दोन्हींपैकी एक काहीतरी हवंच, नाहीतर पान पुढे सरकत नाही. मी स्पष्ट सांगितलं, की हे तुमच्या मनाने करा, बाजूला बघू नका.

हॉलमध्ये कोणी बाजूला बघितलं नाही, सरांकडेही नाही. सर खिडकीतून बाहेर बघत होते. स्कूटरच्या स्टँडकडे इतक्या लक्षपूर्वक कोणी बघत नाही.

सहकाऱ्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन-तीन जणांनी ‘कोणीही नको’ निवडलं होतं, एका काकूंनी बहिणीचं नाव दिलं होतं. बाकी सगळ्यांनी सरांचं.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “आपण फिरून तिथंच आलो.”

“नाही. आता विचारून आलोय.”

त्याने मान हलवली. पटलं म्हणून नाही. पगार मी मंजूर करते म्हणून.

राहिले दोघे. पहिल्या माझ्या सासूबाई. त्यांनी नंबर दिला, आकडे लिहिले, रिपोर्ट न उघडताच शेवटच्या पानावर सरांचं नाव दिलं, आणि परत रिपोर्ट उघडायची वेळ आली तेव्हा फोन पर्समध्ये ठेवून दिला.

“आई, एकदा बोट लावा नुसतं.”

“मी बघून काय करू? मी डॉक्टर आहे का? सर आहेत की.”

दुसरे स्वतः सर. कुटुंबप्रमुख म्हणून त्यांनाही हे करावं लागणार होतं. त्यांचे रिपोर्ट अर्थातच आजवर त्यांच्या फोनवर येत, आणि ते इतर कोणी कधी पाहिलेले नव्हते. बाकावर कोणी विचारलंच की सर, तुमचं कसं, तर उत्तर ठरलेलं असे: “उत्तम.” त्यांनी रिपोर्ट उघडला, लगेच मिटला, आणि शेवटच्या पानावर आले. ‘कोणीही नको’वर त्यांचं बोट गेलं.

“सर,” मागून त्या थायरॉइडच्या वहिनी म्हणाल्या, “आमचं सगळं तुम्ही बघायचं आणि तुमचं कोणी नाही?”

हॉलमध्ये कुजबुज वाढली. “बरोबर आहे,” बँकेतले काका म्हणाले. “एकतर्फी व्यवहार आहे हा.”

“मुलाचं नाव द्या, सर,” मी मदत म्हणून म्हटलं.

“त्याला कशाला? तो तिकडे बसून काळजी करणार, आणि मग फोन करून माझ्याच गोळ्यांची नावं मला विचारणार.”

त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांवर एक नजर फिरवली. कोणाला उठवायचं ते ठरवताना फिरवत असतील तशी. मग त्यांनी माझ्या सासूबाईंचं नाव लिहिलं.

सासूबाई चमकल्या. “माझं का?”

“तुम्ही मेसेज उघडत नाही,” सर म्हणाले. “पूर्ण गोपनीयता.”

सगळा हॉल हसला. माझा सहकारीसुद्धा हसला, आणि तो सहसा हसत नाही. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्सची चेन लावली आणि घरी जायला निघाल्या.

आता सगळ्या पोत्यात एकच दाणा राहिला होता आणि तो माझ्या घरचा होता. पुढचे काही आठवडे मी जे जे केलं त्याची मी नीट यादी केली होती, म्हणजे तेच परत करायला नको. मोठ्या अक्षरांत कृती लिहून फ्रिजवर लावली; मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी दुधाचा हिशेब मांडला. व्हिडिओ कॉलवर शिकवलं. त्यांनी मला त्यांच्या छताचा पंखा दाखवला. नवऱ्याने लाडीगोडी केली, त्या म्हणाल्या, “बायकोने पाठवलं वाटतं.”

“मॅडम, तुम्हीच उघडून टाका की,” सहकारी म्हणाला. “कोणाला कळतंय?”

“मला.”

“तुम्ही कोणाला सांगणार?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “बरं, बरं.”

बैठकीचा दिवस आला. दुपारची वेळ, लांब टेबल, सगळे विश्वस्त, चहा आणि खारी. लॅपटॉपवर हिरव्या ठिपक्यांची रांग आणि तिच्या शेवटी एक राखाडी ठिपका. मी काही बोलायच्या आधीच अध्यक्षांनी तो पाहिला.

“हा कोण?”

“माझ्या सासूबाई.”

टेबलाभोवती सहानुभूतीचं एक वातावरण पसरलं, पण अध्यक्षांवर त्याचा परिणाम झाला नाही. “बाई, मी सांगितलं होतं. एक जरी राहिला तर—”

माझा फोन वाजला. पडद्यावर ‘आई’. मी बंद करायला गेले.

“घ्या,” अध्यक्ष म्हणाले. “घरच्या माणसाचा फोन टाळू नये.”

“ऐक गं,” सासूबाईंचा आवाज दबलेला होता, म्हणजे त्यांच्या मते दबलेला. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्यांनीही तो ऐकला. “फोनवर सरांचं नाव आलंय. त्यांचा रिपोर्ट आलाय असं दिसतंय. तो कसा उघडायचा?”

मी म्हटलं, “आई, सरांना विचारा ना.”

“त्यांना कसं विचारू? त्यांचाच आहे.”

त्या बिल्डिंगमध्ये असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच पडला असावा, जो सरांना विचारता येत नव्हता.

मी त्यांना सांगत गेले. त्या नावावर बोट लावा. दाबून धरू नका, नुसतं लावा. आता चार आकडे, तुम्हीच ठरवलेले. हो, तेच, पण मोठ्याने म्हणू नका. आता खाली निळी पट्टी दिसेल. विश्वस्त मंडळ चहा थांबवून ऐकत होतं.

“आलं,” सासूबाई म्हणाल्या. आणि मोठ्याने वाचायला लागल्या. “नाव. पत्ता. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. बघ, आम्हाला पंच्याहत्तर सांगितलेत.”

“आई, वाचू नका. मोठ्याने वाचू नका. तो फक्त तुम्ही बघायचाय.”

त्या मनात वाचत होत्या. ओठ हलत असणार. बऱ्याच वेळाने एक लांब “हं” आला.

“ठेव तू आता,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

अध्यक्षांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “हे अजून राखाडीच आहे.”

“त्यांनी दुसऱ्याचा रिपोर्ट उघडला, साहेब. स्वतःचा नाही,” माझा सहकारी त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. त्या क्षणी मला तो अमरावतीला परत गेला असता तरी चाललं असतं.

“म्हणजे राहिला,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, पण सळईवर जो दाणा आला तो आला. त्यांनी समोरचा कागद ओढला आणि खिशातलं पेन काढलं. दोन वर्षांची बेरीज कपाटात जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी काय बोलता येईल याचा विचार करत होते.

“झाला,” सहकारी म्हणाला.

राखाडी ठिपका हिरवा झाला होता.

अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि लॅपटॉपवर वाकून पाहिलं. मग पेनाचं टोपण परत लावलं. “खिडकी कधीपासून बंद करताय?”

संध्याकाळी मी थेट कर्वेनगरला गेले. सासूबाई बाल्कनीत कपडे काढत होत्या. मी विचारलं, “आई, इतके दिवस मागे लागले होते, आज स्वतःचा रिपोर्ट कसा काय उघडलात?”

“सरांचे आकडे जास्त का कमी, कसं कळणार? शेजारी ठेवायला काहीतरी लागतं. माझा काढला.”

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आकड्यांच्या बाजूला रंग आहेत, पण ते मी बोलले नाही.

“मग, काय निघालं सरांचं?”

त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. “त्यांनी मला दाखवलंय. तुला नाही.”

आम्ही चादरीची घडी घातली. विभागप्रमुख म्हणून मला तो रिपोर्ट बघणं अशक्य नव्हतं. पण कोण काय उघडतं याची नोंद होते, आणि ती नोंद दर आठवड्याला तपासायचं काम माझंच आहे.

“एक काम कर,” त्या म्हणाल्या. “साखरेच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दे. लवकरातली.”

“सरांसाठी?”

“मी कुठे म्हटलं सरांसाठी? माझ्या नावावर घे.”

“आणि जाणार कोण?”

“जाणार ते. मी बरोबर जाईन.”

“आई, असं नाही करता येत. त्यांची तपासणी तुमच्या नावावर लागेल. त्यांची औषधं तुमच्या नोंदीत येतील.”

“येऊ देत. मी घेणार नाही.”

“त्यापेक्षा मी सरांशी बोलते.”

“तू बोललीस म्हणजे मी तुला सांगितलं असं होईल.” त्यांनी कपड्यांचा ढीग खुर्चीवर ठेवला आणि जरा वेळ खाली बघत राहिल्या. बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. बँकेतले काका कोणाला तरी स्वतःच्या फोनवर काहीतरी दाखवत होते. सर एका टोकाला, काठीवर हात ठेवून.

सासूबाईंनी पर्समधून फोन घेतला, चपला घातल्या आणि जिन्याने खाली उतरल्या. मी बाल्कनीतच थांबले. त्या बाकापाशी गेल्या तशी मंडळींनी सरकून जागा केली, पण त्या बसल्या नाहीत.

“सर, जरा घरी चला. टेबलाशी काम आहे.”

“इथेच सांगा की,” काका म्हणाले.

“तुमचं नाहीये,” सासूबाई म्हणाल्या.

सर उठले. दोघं सरांच्या दाराकडे चालत गेले, आणि माझ्या बाल्कनीच्या अगदी खाली आल्यावर थांबले, कारण सरांनी काठी टेकली होती आणि ते पुढे जायला तयार नव्हते.

“तुम्ही उघडलात,” ते म्हणाले.

“उघडला.”

“कोणाला सांगितलंत?”

“अजून कोणाला नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. तुमच्या नावाने वेळ घ्या, मी बरोबर येतेय.”

सासूबाई वाट बघत उभ्या राहिल्या. घाई त्यांना कधीच नसते. मला ते लग्न झाल्यापासून माहीत आहे, सरांना त्या संध्याकाळी कळलं.

“रिक्षा मी सांगीन,” सर म्हणाले, आणि दार उघडायला किल्ली शोधू लागले.